दिल्लीत अडकलेले देव

दिवाळी आटोपली की आमच्या आर. के. पुरममध्ये एक ऋतू येतो, त्याला पंचांगात जागा नाही. सकाळी खिडकी उघडावी तर समोरची इमारत नसते. म्हणजे असते, पण श्रद्धेने मानावी लागते. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव येते. कडुलिंबाची पानं धुतल्याशिवाय हिरवी दिसत नाहीत. पार्कात फिरणारी मंडळी 'राम राम'ऐवजी एकमेकांना हवेचा आकडा सांगतात, आणि ज्याच्या फोनवर आकडा मोठा तो थोडा ऐटीत चालतो. ह्याही वर्षी तो ऋतू वेळेवर आला. मी खिडकी लावून घेतली, घशात खवखवलं, आणि खवखवलं की मला सोमाबाबा भोये आठवतात.

सोमाबाबा सुरगाण्याच्या बाजूचे, कोकणा आदिवासी. थाळीवर कथा सांगतात. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली बारीक काडी. बोटांना राख लावून त्या काडीवरून वरून खाली ओढ घेतली की थाळी गुणगुणायला लागते. तो आवाज मला अजून नीट सांगता येत नाही. जवळच कुठेतरी मधमाश्यांचं पोळं आहे आणि ते आपल्याविषयी बोलतंय, असं काहीसं वाटतं. त्या गुणगुणीवर बाबा गातात. धान्याची देवी रागावून घर सोडून कशी गेली, तिला परत आणायला कोण कोण गेलं. भात झोडून खळ्यात आला की ही कथा लागते आणि तिच्याशिवाय नवं धान्य कणगीत जात नाही.

मामाकडून थाळी शिकलेला हा माणूस. पावसाळ्यात स्वतःचं भात, पुढे निफाडकडे द्राक्षांच्या मळ्यात मजुरी. तिथंही गोणपाटात गुंडाळलेली थाळी सोबत असायची. "मुकादम म्हणायचा, खाणारा एवढासा आन थाळी केवढी रं." मग महोत्सववाल्यांनी त्यांना शोधून काढलं. भोपाळ, उदयपूर, गुवाहाटी. एका ठिकाणी त्यांना डोक्याला बांधायला मोरपिसं दिली. बाबा म्हणाले, "आमच्याकडं पिसं मोर घालतो." भोळाभाबडा कलावंत शोधत कुणी त्यांच्याकडे गेलं तर पस्तावतं. पोस्टरवर आपला फोटो लहान आला तर बाबा रुसतात. कुठल्या शहरात टाळ्या किती वेळ पडल्या हे त्यांना पाठ असतं, आणि दर वेळी सांगताना टाळ्या लांबत जातात.

मी आमच्या इथल्या मराठी मंडळाचा चिटणीस. मंत्रालयात फायलींवर बसतो, मंडळात स्टेजवर उभा राहतो. दोन्हीकडे माझ्यामुळे काम पुढे सरकत नाही, असं माझी बायको मंजिरी म्हणते. तर मी बाबांना मंडळाच्या मेळाव्याला बोलावलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये त्यांना उतरवलं आणि मोठ्या उदारपणे पंधरा मिनिटं दिली.

"पंधरा मिनिटांत तर देव येऊन बसतात फक्त," बाबा म्हणाले. पण त्यांनी शहरांसाठी एक आखूड कथा बेतून ठेवली होती. तेव्हाच त्यांनी मला त्यांच्या घराण्याची रीत सांगितली. कथेच्या आधी देवांना नावानं बोलवायचं. प्रत्येकाची कापडावर तांदळाची एक ढिगली. कथा झाली की एकेकाला त्याच्या जागी परत पोचवायचं, वाट सांगून. कुठला ओढा, कुठलं झाड, कुठला चढ. पोचला की ढिगली मोडायची. ही बोळवण होईपर्यंत कथेकऱ्याच्या पोटात अन्न नाही, पाणी नाही. आणि वाट कशी हवी, तर ज्यानं देवाचं नाव घेतलं त्याच्या पायांना माहीत असलेली. ऐकीव चालत नाही. शहरात बाबा आपल्याच डोंगरातले चार देव बोलवायचे, त्यांच्या वाटा त्यांच्या तळपायांत होत्या. झटपट आणायचे, झटपट पोचवायचे.

"आणि पोचवलं नाही तर?" मी विचारलं.

तरुणपणी एका रेडिओ केंद्रावर तसं झालं होतं. कथा मधेच, वेळ संपली, लाल दिवा गेला, माणसं दार उघडून आत आली. गावी पोचेपर्यंत बाबांचा आवाज बसला, आणि पुढचं धान्य खळ्यात येईतो उठला नाही. ते वर्षभर शेजारच्या पाड्यावरचा गंगा नावाचा कथेकरी सगळी खळी फिरला.

"आन ते देव अजून तिथंच असतील," बाबा म्हणाले. "त्यांना कोण सोडणार? गेटवर पास लागतो."

मी हसलो. बाबा हसले नाहीत. घशावरून हात फिरवत त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतंच.

रविवारी सकाळी मैदानावर मेळावा भरला. कॅन्टोन्मेंटमधल्या जवानांच्या बायका-मुलं बस भरून आली होती. राजेंद्रनगरातली स्पर्धापरीक्षावाली पोरं थालीपिठाच्या वासाने आली होती. बाबांचा पुतण्या, जो कथेत 'हां' म्हणायला बसतो, त्याला एसटीने रजा दिली नव्हती. तेव्हा सूत्रसंचालक मीच, हुंकार देणाराही मीच. पहिल्याच ओळीला मी दिल्लीच्या सवयीने "अच्छा" म्हणालो. बाबा थांबले. "कथेला 'हां' लागतो. 'अच्छा' म्हटलं की कथा विचारात पडते." समोर हशा पिकला. मला चेव आला.

चेव आला की मला काहीतरी सुचतं, आणि मला सुचलेलं आजवर कुणाच्या भल्याचं झालेलं नाही. बाबांनी आपले चार देव बोलावले, चार ढिगल्या घातल्या. मी माइक घेतला. "मंडळी, कथेत आपल्याही देवांना आमंत्रण आहे. ज्यांना आपल्या कुलदैवताचं, ग्रामदैवताचं नाव घालायचं असेल त्यांनी सांगावं. सुरुवात माझ्यापासून. भोरकडच्या डोंगरावरची आमची वाघजाई."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या सेक्शनचे जुने साहेब आठवले. थाळीवरून हात न उचलता ते पुटपुटले, "बोलावशील रं. बोळवणार कोण?"

पण आता उशीर झाला होता. महाराष्ट्रापासून एवढ्या दूर राहणाऱ्या माणसाला कुणी त्याच्या देवाचं नाव विचारलं, तर काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. भैरोबा, म्हसोबा, जोगेश्वरी, खंडोबा, निनाई, सातआसरा. एका नावाचे दोन देव आले तर "आमचा तो वेगळा" म्हणून भांडणं. पोरांनी गावी फोन लावून "आई, आपला देव कुठला गं?" विचारलं. उदगीरकडचा अझहर नावाचा विद्यार्थी उभा राहिला आणि जरा बिचकत म्हणाला, "सर, आमच्या शिवेवरचे पीरसाहेब चालतील का?" बाबांनी मान हलवली, ढिगली घातली. भरल्या स्टेजवर नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फरीदाबादचे निवृत्त इंजिनिअर कुलकर्णीकाका टाळ्या वाजवत होते, त्यांच्या पत्नी माहेरचाही देव घाला म्हणत होत्या. कापड पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेलं. मी "हां, हां" म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, वा, काय कार्यक्रम बसवलाय.

कथा लागली. देवी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते तिथवर आली. तेवढ्यात मैदानाचा व्यवस्थापक मास्क लावून आला. हवा फारच बिघडलीय, मोकळ्यावरचे सगळे कार्यक्रम बंद करण्याचा हुकूम आहे. माइक गेला. लोक मुलांची तोंडं रुमालाने झाकत बसकडे, मेट्रोकडे, स्कूटरकडे निघाले. बघता बघता खुर्च्या उरल्या, आणि स्टेजवर बाबा, मी, आणि कापडावर दिल्लीच्या हवेत बसलेले ते सगळे देव.

बाबांनी कापडाची चारी टोकं हळूच उचलली. दोन ढिगल्या एकमेकींना लागू दिल्या नाहीत. "गाडी कधीची माझी?"

"संध्याकाळची. निजामुद्दीनहून."

"गावी खळ्यात धान्य आलंय. माझी वाट बघतात. गंगाही बघतोय." मग म्हणाले, "तुझ्या घरी चल."

आमच्या बैठकीच्या खोलीत मंजिरीने घाईघाईने सतरंजी घातली. बाबांनी कापड पसरलं, धूप पेटवला. कोपऱ्यातल्या हवा शुद्ध करणाऱ्या मशीनचा दिवा ताबडतोब लाल झाला आणि ते भुंकल्यासारखं घरघरू लागलं. बाबांनी थाळीचा सूर लावून बघितला, तो त्या घरघरीत बुडाला. मंजिरीने एकदा बाबांकडे, एकदा मशीनकडे पाहिलं आणि प्लग काढला. "दोघं एकदम नाही चालायचे," ती म्हणाली. मग खोलीत धूर आणि थाळी. कथा पुरी झाली. देवी परतली. बाबांचा आवाज तोवर खरवडून निघाला होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो जरासा तुटायचा, आणि तिथे मी 'हां' म्हणून ठिगळ लावायचो. मंजिरीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बाबांनी तो नजरेआड सरकवला.

आपल्या चार देवांना त्यांनी एका दमात पोचवलं. मग म्हणाले, "आता लाव फोन."

मी फोन लावत गेलो. स्पीकरवर टाकून फोन थाळीशेजारी ठेवायचा. पलीकडून माणूस वाट सांगणार, बाबा ती गाऊन देवाला चालवणार, मी हुंकार देणार. ऐकायला सोपं वाटतं. कुणी मेट्रोत होतं, आवाज तुटायचा, आणि देव मध्येच ओढ्यात उभा राहायचा. कुणी गाडी चालवत होतं. कुणाला वाटलं, मी थट्टा करतोय. माझी ख्याती तशीच आहे. घड्याळ माझ्या मागे भिंतीवर होतं, मी वळून बघत नव्हतो. मंजिरी बघत होती, आणि मी तिच्या चेहऱ्यावरून वेळ वाचत होतो.

कॅन्टोन्मेंटमधल्या रेखावहिनी, एका हवालदारांच्या पत्नी, साताऱ्याकडच्या. "स्टँडवरनं निघायचं. डेरीपाशी दुधाचा वास येतो. मग उसातनं पायवाट. पानं कापतात, हात वर धरा देवाला म्हणावं." बाबांनी तसं गायलं. "मग विहीर. इथं सगळे पाणी पितात." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. बाबा थांबले. मी मंजिरीकडे बघितलं, मंजिरीने घड्याळाकडे. फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. "हां," रेखावहिनी म्हणाल्या, "पिऊन झालं. चला."

अझहर अभ्यासिकेच्या जिन्यात येऊन बोलला. "सर, दोन मार्ग आहेत. दोन्ही बरोबर आहेत."

"तू लहानपणी कुठनं जायचास?" बाबांनी विचारलं.

"चिंचेखालून. तिथे चिंचा पाडायला मिळायच्या."

"मग पीर तिकडनंच जाईल."

कुलकर्णीकाकांचा फोन लागेना. इतर ढिगल्या मोडत गेल्या, त्यांची तशीच. घाट उतरता उतरता बाबांचा आवाज आता निम्म्यावर आला होता, बोटं काडीवर मधेच थबकत होती. पांढऱ्या उजेडाचा राखाडी उजेड झाला. शेवटी काका लागले, फरीदाबादला पोचून औषध घेऊन झोपले होते. त्यांनी वाट सांगायला सुरुवात केली आणि मागून काकूंचा आवाज आला, "काहीतरीच काय, देवळाकडे डावीकडनं जातात."

"अगं, रस्ता उजवीकडनं आहे."

"रस्ता असेल. पाणंद डावीकडनं आहे."

"काकूंचं धरा," बाबा मला म्हणाले. "काका गाडीतनं गेलेत, काकू चालत."

असं करत करत कापडावर एकच ढिगली राहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मंजिरीनेही.

वाघजाईला मी दोनदा गेलोय. एकदा वडिलांच्या खांद्यावर झोपून. एकदा लग्नानंतर, भाड्याच्या गाडीने. तेव्हा वरपर्यंत मी ऑफिसच्या कुणाशी तरी बोलत होतो आणि नेटवर्क गेल्याबद्दल देवीला दोष देत होतो. वडील गेले. आता माझ्यासाठी ती वाट कुणी चालून देणार नव्हतं. मी हळूच फोनवर नकाशा उघडला. "भोरहून निघायचं. मग सरळ. मग... डावीकडे वळा."

थाळी गप्प झाली. "ही गाडीची वाट," बाबा म्हणाले. आवाज म्हणजे नुसती हवा होती. "वास सांग एखादा. दगड सांग."

माझ्याकडे दगडही नव्हता. 

"अहो, टॅक्सी बोलवायला हवी," मंजिरी हलकेच म्हणाली.

बाबांनी ती उरलेली ढिगली वर्तमानपत्राच्या तुकड्यात घेतली, पुडी बांधली, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून एकदा थोपटली. "एक राहिला तर पोटाला सूट असते. गळ्याला नाही. हिला पोचव, आन तिथनं वाट सांग. तोवर मी मुका." मग ते दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी जेवले, घटाघट पाणी प्यायले, आणि त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत.

गेस्ट हाऊसवरून सामान घेतलं. गाडी हलली तेव्हा बाबांनी खिडकीतून बोट दाखवलं, आधी माझ्या खिशाकडे, मग स्वतःच्या गळ्याकडे. पुढचे दिवस ते बोट माझ्या फायलींवर उमटत राहिलं. साहेबांनी रजेचं कारण विचारलं. मी म्हणालो, घरच्या एका वयस्कर बाईंना गावी सोडायचंय. ते म्हणाले, "बिल्कुल, जाइए," आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. दरम्यान बाबांच्या पत्नीचा, मथुआजींचा फोन आला. खळी वाट बघतायत, आणि गंगाने थाळी घासायला काढलीय.

भोरहून जीपने जिथवर जाता येतं तिथवर गेलो आणि उतरलो. पुढे चालत. चुकलो, परतलो, पुन्हा चुकलो. पडलोही, अगदी व्यवस्थित, पुडीला धक्का न लावता. वर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका उंबराखाली शेंदराचा तांदळा, म्हणजे गोल दगडातली देवी, आणि समोर कुणीतरी ठेवलेल्या बांगड्या. मी पुडी सोडून तांदूळ तिच्या पायाशी ठेवले. फोनला रेघ नव्हती. शेजारच्या कातळावर चढलो, हात उंच धरला, एक रेघ आली.

मथुआजींनी फोन उचलला. "खळ्यावरच हायेत," त्या म्हणाल्या. "माणसं जमलीत. आज जमलं नाय तर उद्या गंगाला आणतील म्हणतात. कानाशी धरते त्यांच्या. सांग."

मी सांगू लागलो. जीप उतरली की पिठाची गिरणी ऐकू येते, त्या आवाजाकडे पाठ करायची. ओढ्यात दगड आहेत, मधला डुगडुगतो, त्यावर पाय द्यायचा नाही. पलीकडून नाकातला एक बारीक हुंकार आला. करवंदीच्या जाळीत बाही अडकते, ओढायची नाही, मागे यायचं. हुंकार. मग चढ. इथे घाणेरीचा वास आहे, आणि कुणाच्या तरी गुरांचा. हुंकार. सपाटीवर आलं की वारा डाव्या कानाला लागतो, तो तसाच कानाला ठेवून चालायचं, की उंबर.

"पोचली," मी म्हणालो. "बसली."

हुंकार आला, पण कथेची शेवटची ओळ येईना. फोनमधून माणसांची कुजबुज ऐकू येत होती. मग मथुआजी. "ते खुणा करतायत. विचारतायत, माणूस कुठं पोचवायचा?"

"कुठला माणूस?"

"तू रं. शेवटच्या ओळीत देव जागेवर आन माणूस घरात लागतो. त्याबिगर मिटत नाय. तुझं घर सांग."

मी कातळावर एक हात वर करून उभा. घर कुठलं सांगावं? खाली गावात चुलतभावांनी वाटण्या करून घेतल्या होत्या. पुण्याचा फ्लॅट वडिलांच्या मागे विकला. आर. के. पुरमचं क्वार्टर सरकारचं, निवृत्त झालो की किल्ली परत. रेघ एकदा गेली, परत आली.

"लवकर सांग," मथुआजी म्हणाल्या. "गंगाची माणसं उठायला लागली."

मग मी निजामुद्दीनपासून सुरू केलं. फलाटावरून बाहेर आलं की रिक्षावाले अंगावर येतात, कुणाशी नजर मिळवायची नाही. मेट्रोने यायचं, आर. के. पुरमला उतरायचं, वर आलं की घशाला हवा लागते, तीच खूण. शेंगदाणेवाल्याच्या भट्टीशी जरा हात शेकायचे. हुंकार. मदर डेअरीच्या बूथमागे एक पिवळी कुत्री असते, ती आधी भुंकते, मग वास घेऊन गप्प होते. हुंकार. कडुलिंबाखालून आमचा जिना. दुसऱ्या मजल्यावर नायर राहतात, तिथं सांबाराचा वास. वर आमचं दार. ते फुगलंय, खालच्या अंगाला पाय लावून ढकलायचं. आतून मंजिरी म्हणते, लाथ मारू नका, सरकारी आहे.

मी एकदाही अडखळलो नव्हतो.

ह्या वेळी हुंकार आला नाही. थाळी गुणगुणायला लागली, आणि तिच्यावर एक फाटका, गंजका आवाज चढला. देवी डोंगरात. धान्य कणगीत. माणूस घरात. शेवटच्या अक्षरावर आवाज फुटला, बाबांनी तो सोडला नाही, धरून वर नेला, आणि भोवतीच्या सगळ्या माणसांनी मिळून दिलेला 'हां' माझ्या कानात इतका जोरात आला की फोन हातातून सुटता सुटता राहिला. त्याच श्वासात बाबांनी खळ्यावरच्या कथेचं नमन सुरू केलं.

"झालं सुरू," मथुआजी म्हणाल्या. "आणखी चार दिवस उशिरा पोचला असतास तर काय बिघडलं असतं रं. घर कसं निवांत होतं."